यंदा पाट कमी घेतलेत

रत्नागिरी, रविवार रात्र

ती. आई आणि बाबा,
शि. सा. न.

फोनवर हे मला नीट बोलता येणार नाही म्हणून लिहितोय. फोनवर बाबा "बरां बरां" म्हणून फोन आईकडे देतात, आई जेवलास का विचारते, आणि मूळ विषय राहूनच जातो. तर आधीच सांगतो, पूर्ण वाचा आणि मग काय रागवायचं ते रागवा. यंदा गणपती करायला लोक आपल्याकडे देतात ते पाट मी कमी केलेत. गेल्या वर्षी ८४ होते, यंदा ४५ च घ्यायचे. मे महिन्यात आलो होतो तेव्हा वहीचे फोटो काढून आणले होते, त्यावरून गेल्या आठवड्यात एकेकाला फोनही करून झाले. तुम्हाला न विचारता केलं हे मला माहीत आहे, आणि फोन करताना प्रत्येक वेळी पोटात गोळा आला. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि तुम्ही नाही म्हटल्यावर मला पुढे जाता आलं नसतं.

कोणी वाईट बोललं नाही, हे पहिलं ऐका. उलट सगळ्यांनी तुमची तब्येत विचारली. तीन फुटांच्या वरचे सगळे खालच्या वाडीतल्या, गणपतीच्या मूर्ती करायच्या शाळेत दिलेत, आणि तिथला पोरगा तुमच्याच हाताखाली माती मळायला शिकलाय, तो म्हणाला बाबांच्या घरचे पाट आहेत म्हणजे आधी तेच करीन. देवळाजवळच्या घराचा, मधल्या आळीतल्या आजींचा, आत्तेकडचा, हे पाट आपल्याकडेच आहेत. जी घरं आजोबांपासून आपल्याकडे पाट देतात त्यातलं एकही मी हलवलेलं नाही. दोनदा वही तपासली.

आता बाकीचं. मी २२ ऑगस्टपासून रजा टाकली आहे आणि ती मंजूर झाली आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे रंगकामाला मला तीन आठवडे सलग मिळतात. माझी रजा साठलेलीच होती, त्यामुळे पगाराचं वगैरे टेन्शन आई तू घेऊ नकोस. आणि दर शनिवार-रविवार माझ्या मॉडेलच्या, म्हणजे प्लास्टिकची छोटी विमानं-जहाजं करणाऱ्या ग्रुपमधले चौघं येणार आहेत, आपापले ब्रश आणि हवेने रंग फवारणारे एअरब्रश घेऊन.

बाबा, इथे तुम्ही चष्मा काढून ठेवला असणार मला माहिती आहे. खेळणी करणारी माणसं देवाला हात लावणार. तुम्ही मला एकदा विचारलं होतंत, "झिला, ह्या प्लास्टिक कापून काय पोट भरतला?" आणि मी तेव्हा काही बोललो नव्हतो कारण मला सांगताच आलं नसतं. आता सांगायचा प्रयत्न करतो.

मांडवीजवळ एका मित्राच्या माडीवर आम्ही रविवारी बसतो. एक मेडिकल दुकानवाला, एक रिटायर झालेले फिजिक्सचे सर, एक जयगडच्या जेट्टीवर कामाला असलेला मुलगा, एक दाताच्या डॉक्टर मॅडम, आणि मी. लांब टेबल, प्रत्येकाचा दिवा वेगळा, आणि दोन दोन तास कोणी बोलत नाही. मी ते पहिल्यांदा बघितलं ना तेव्हा मला आपली शाळाच आठवली, श्रावणातली, रात्रीची, तुम्ही आणि आजोबा पाठमोरे आणि रेडिओ बारीक लावलेला.

किटमधले भाग एका प्लास्टिकच्या चौकटीला लागून येतात, ते निपरने सुटे करायचे, लागलेली गाठ घासायची, मग जोडायचे. जोडायला आम्ही वापरतो ते सिमेंट खरं म्हणजे गोंद नाहीच, ते प्लास्टिकला वितळवतं आणि दोन्ही कडा एकमेकांत मिसळून एक होतात. तुम्ही हात जोडताना काय करता? दोन्हीकडे खरवडून पातळ माती लावून दाबता आणि वर ओला ब्रश फिरवता, सांधा डोळ्याला नाही तर बोटाला लागतो म्हणता. मी विमानाच्या पंखाचा सांधा अजून बोटानेच बघतो, डोळे मिटून. सरांनी मला विचारलं हे कुठे शिकलास, मी म्हटलं घरी. मग प्राइमर मारायचा, म्हणजे आपला पांढरा हात, त्याशिवाय कुठे खड्डा राहिलाय ते कळत नाही. तुम्ही पांढरा हात मारून झाला की मूर्ती दारात उजेडाला धरून फिरवायचात, मी तेच करतो, फक्त विमान हातात मावतं.

आमच्यात बाहत्तरास एक हे माप फार चालतं, म्हणजे खरा सहा फुटी माणूस मॉडेलमध्ये बरोबर एक इंच होतो. मी पहिलं केलं ते सी हॉक विमान. बाबा, विक्रांत आठवते ना, ती विमानं वाहणारी युद्धनौका? दहावीच्या सुट्टीत तुम्ही मला मुंबईला नेऊन दाखवली होती, तेव्हा तिचं म्युझियम केलेलं होतं, आणि तुम्ही डेकवर उभं राहून नुसते लांबी बघत होतात. ७१ साली त्या डेकवरून सी हॉक उडाले आणि त्यांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले, बापूकाका जे सांगायचे ते हेच. ती विक्रांत २०१४ ला तोडायला काढली. सर आता ती प्लास्टिकच्या शीट कापून स्वतः बनवतायत, सातशे फुटी जहाज सातशेस एक मापात एक फूट होतं, आणि प्रत्येक शिडी ते जुन्या फोटोवरून मोजून करतात. ते काम बघितल्यावर मला नाही वाटत तुम्ही त्यांना खेळणीवाले म्हणाल.

आणि पावसाचा त्रास आम्हालाही तुमच्याइतकाच. दमट हवेत लॅकरचा रंग फवारला की त्यातला थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं, रंग दुधाळ होऊन बसतो. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी वाटी लावावी लागते, नाहीतर मधूनच थेंब येतो आणि सगळं बिघडतं. म्हणून आम्ही आषाढ-श्रावणात बहुतेक जोडणी आणि घासणीच करतो. तुम्ही झड लागली की सोनेरी डबी उघडत नाही, तसंच. तरी शाळेत आम्ही लॅकर आणणारच नाही हे नीट सांगतो, ते तिखट रंग आणि थिनर नाहीत, पाण्यातलेच रंग, कारण शेवटी मूर्ती पाण्यात जायची आहे. एअरब्रशने फक्त अंगरंग आणि पितांबराची सावली करू, हवा अगदी कमी ठेवून, आधी एका जुन्या पाटावर मारून दाखवू. तुम्ही नको म्हणालात तर पेटी बंद, सगळे ब्रश घेऊन बसतील.

आता जे लिहायला मी तीन रविवार घालवले ते.

गेल्या वर्षी हरतालिकेच्या आदल्या रात्री मी माजघरात झोपलो होतो तेव्हा मी जागा होतो. तुम्ही मधल्या आळीच्या गणपतीचा डावा डोळा पुसत होतात. पुसून पांढरा लावला, सुकवला, परत आखलात, परत पुसलात. चार वेळा. मनगट डाव्या हाताने धरून ठेवलं होतंत. दोन वाजून गेले होते. मी उठून यायला हवं होतं. तुम्हाला मी बघितलं असं कळू नये म्हणून पडून राहिलो, आणि सकाळी तुम्ही "डोळे कसे झाले रे" विचारलंत तेव्हा छान झालेत म्हटलं. छानच झाले होते बाबा, खोटं नाही बोललो, आजींनी पदर पुढे करून नमस्कार केला होता तुमच्या देखत. पण ती रात्र मला वर्षभर सोडत नाही.

कंप वयानेही येऊ शकतो, डॉक्टरांनी गोळी दिलीच आहे आणि ती घेतल्यावर तुमचा हात बराच थांबतो हे आईने पण सांगितलं. मी काही तुमच्याकडून ब्रश काढून घेत नाहीये. एवढंच म्हणतोय की ४५ पैकी ४४ गणपतींच्या डोळ्यांची आखणी मला करू द्या, तुम्ही बाजूला चौरंगावर बसून सांगा, वर घे, बारीक कर, बुबुळ आत घे. मी तयार आहे का ते तुम्हीच ठरवा. पस्तीसास एक मापातला सैनिक पाच सेंटिमीटरचा असतो, त्याचा डोळा मिलिमीटरभरसुद्धा नसतो आणि दोन्ही डोळे एकाच दिशेला बघावे लागतात. आधी पांढरं, मग उभी काळी रेघ, मग वरून खालून कातडीच्या रंगाने पापणी कापत आणायची. असे मी आतापर्यंत कितीतरी केले, आणि प्रत्येक वेळी तुमचं "डोळो चुकलो तर देव रुसता" कानात असतं. लहानपणी पाटीवर तुम्ही माझ्याकडून नुसत्या भुवया काढून घ्यायचात, शंभर डाव्या, शंभर उजव्या, आणि चांगल्या आल्या की खिशातनं लिमलेटची गोळी. मी त्या भुवया अजून काढतोय.

आई, आता तुझ्यासाठी. तू चौघांच्या जेवणाचं काढून बसू नकोस, तुझे गुडघे बघ. सकाळी घावणे आणि चहा एवढंच, दुपारचं मी बाजारातल्या खानावळीतून आणणार, बोलून ठेवलंय. मेडिकलवाला मासे खात नाही, त्याला दहीभात चालतो. मॅडम ओटीवरच्या खोलीत झोपतील, बाकी सगळे शाळेत चटया टाकून, पोरं आहेत, त्यांना काही लागत नाही. सर मात्र वयाने मोठे आहेत, त्यांना खाट दे. आणि मागीलदारी कमोड बसवायला माणूस पुढच्या बुधवारी येतोय, त्याला परत पाठवू नकोस, पैसे दिलेत. शाळेत दोन एलईडी पट्ट्या आणि इन्व्हर्टर लावून घेतोय, वीज गेली तरी पंखा आणि दिवा चालू राहील, म्हणजे बाबांना कंदिलाजवळ वाकायला नको.

बाबा, तुम्ही सकाळची गोळी नाश्त्यानंतरच घ्यायची, उपाशी नाही. माती घासताना मास्क लावायचाच, मी खोकं पाठवतोय, ते कपाटात ठेवायला पाठवत नाहीये. ओल्या मातीची पोती तुम्ही उचलायची नाहीत, कितीही कोणी नसलं तरी, दोन दिवस पडून राहिली तर राहू देत. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख गणपतीनंतरची घेतली आहे, ती आता पुढे ढकलू नका, उजव्याच्या वेळीसुद्धा किती घाबरला होतात आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या माडावरचे नारळ मोजून दाखवलेत मला.

आता तो पंचेचाळिसावा पाट. घरचा. त्याचे डोळे तुम्हीच आखायचे, त्यात मी हात घालणार नाही. मॅडमना मी तुमच्या हाताचं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, दातात काम करताना त्यांचा हात कधीच हवेत नसतो, एक बोट कायम शेजारच्या दातावर टेकलेलं असतं, मग बाकीचा हात कितीही दमलेला असो. आम्ही पण टेबलावर कोपर आणि मनगट दोन्ही टेकवूनच रंगवतो. तर त्या आणि मी मिळून तुमच्यासाठी लाकडाचं एक टेकण करतोय, मूर्तीच्या बाजूला उभं राहील, वरची फळी खाली-वर होईल, त्यावर मनगट ठेवून करंगळी सोंडेजवळ हलकी टेकवायची. खाली फिरता पाट, म्हणजे तुम्हाला सरकावं लागणार नाही, देव तुमच्याकडे फिरेल. डोक्याला लावायची भिंगाची पट्टी पण आणतोय, मी तीच वापरतो, सवय व्हायला चार दिवस लागतात. कितीही वेळ लागू दे. रात्रभर लागला तरी चालेल, पण यंदा मी झोपल्याचं सोंग घेणार नाही, दिवा धरून बाजूला बसणार आहे.

पाऊस कसा आहे कळवा. चिऱ्याच्या गडग्याकडची वाट शेवाळली असेल, तिकडून जाऊ नका दोघंही.

तुमचो झील

ता.क. आई, बाबा चौरंगावर बसले की जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंत किती उंची होते ते मोजून फोनवर सांग, इंचात सांग. टेप शिलाई मशीनच्या खणात आहे. ते झोपलेले असताना मोजू नको, बसलेले असतानाच मोज, आणि कशासाठी विचारलं तर हे पत्र त्यांच्या हातात दे.