‘फक्त काही बाइट दिसतात’

महोदय,

‘आता मेमरीला संरक्षण असल्यामुळे बफर ओव्हरफ्लो इतिहासजमा झाला आहे’ हे वाक्य आपल्या संगणक सुरक्षेवरच्या लेखात वाचलं. (बफर ओव्हरफ्लो म्हणजे राखलेल्या जागेपेक्षा जास्त डेटा देऊन शेजारची मेमरी पुसून लिहिणं.) आधी हसू आलं, मग रागही, कारण हेच वाक्य मी एका बैठकीत समोरासमोर ऐकलेलं आहे. मी बारा वर्षं पेनटेस्टिंग करते, म्हणजे मालकाच्या लेखी परवानगीने त्याच्याच यंत्रणेत शिरायच्या वाटा शोधते.

त्या वेळी मी तपासत होते ती सी भाषेतली एक जुनी सर्व्हिस होती, म्हणजे सतत चालू राहून विनंत्यांना उत्तरं देणारा प्रोग्राम. लांबलचक इनपुट दिलं की कोसळायची. संरक्षणं मात्र तिन्ही चालू होती: स्टॅकवरचा (चालू फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीतला) डेटा कोड म्हणून चालू न देणारं एनएक्स, पत्ते विस्कटून टाकणारं एएसएलआर आणि रिटर्न अॅड्रेसच्या (फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं त्या पत्त्याच्या) अलीकडे पहाऱ्याला बसवलेली कॅनरी, म्हणजे एक गुप्त संख्या; ती बदललेली दिसली की प्रोग्राम थांबतो. एनएक्सची मला फारशी धास्ती नसते. स्वतःचा कोड आत न्यायची गरजच नाही, लायब्ररीतली (प्रोग्रामबरोबर आधीच लोड झालेल्या तयार कोडमधली) फंक्शनं वापरता येतात, हे १९९७ सालीच दाखवून झालंय. २००७ मध्ये होवाव शॅकम यांनी प्रोग्राममध्ये असलेलेच छोटे तुकडे एकामागे एक जोडून हवं ते करून घेता येतं, हे मांडलं. त्यालाच आम्ही आरओपी म्हणतो. पण तुकडे जोडायचे तर ते कुठे आहेत ते कळायला हवं, आणि त्याआधी कॅनरी ओलांडायला हवी.

६४-बिट लिनक्सवर कॅनरी ८ बाइटची, त्यातला एक कायम शून्य. उरलेले ७ एका दमात ओळखायचे म्हणजे २ चा ५६ वा घात, विषय संपला. पण ही सर्व्हिस प्रत्येक कनेक्शनला फोर्क करायची, म्हणजे स्वतःची एक प्रत काढायची, आणि पिल्लू प्रोसेसला आईचीच कॅनरी मिळते. मग एकेक बाइट ओळखत जाता येतं, एका बाइटच्या २५६ शक्यता, म्हणून जास्तीत जास्त १७९२ प्रयत्नांत. माझा सहकारी स्क्रिप्ट लिहून तयार होता. मी नको म्हटलं. प्रत्येक चुकीच्या अंदाजाला एक प्रोसेस मरते, आणि यंत्रणा चालू होती. तंत्र निवडताना ‘चालेल का’ एवढंच बघून भागत नाही. फसलं तर काय काय पडेल, हे मी आधी बघते.

वाट दुसरीकडेच निघाली. हीच सर्व्हिस पाठवणाऱ्याने सांगितलेल्या लांबीवर डोळे मिटून विश्वास ठेवायची आणि उत्तरात मेमरीतले थोडे जास्तीचे बाइट देऊन बसायची. २०१४ च्या हार्टब्लीड या गाजलेल्या दोषाची हीच जातकुळी. तिथे एका विनंतीला ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर यायची. मी हेक्स डंप, म्हणजे आलेल्या बाइटांची आकड्या-अक्षरांतली यादी, घेऊन बसले. एके ठिकाणी ०० आणि पुढे सात अर्थहीन बाइट. पुन्हा जोडलं, पुन्हा तेच सात. मग कळलं, हीच कॅनरी. ती जशीच्या तशी परत लिहिली की पहारा गप्प. पुढे थोड्या अंतरावर ‘७एफ ०० ००’ने संपणारा लायब्ररीतला पत्ता होता. त्यातून त्याचं लायब्ररीतलं ठरलेलं अंतर वजा केलं की लायब्ररी कुठे सुरू होते ते कळतं. एक वजाबाकी केली आणि एएसएलआरचा प्रश्न मिटला. आधी यंत्रणेच्या प्रतीवर करून पाहिलं, मग ठरलेल्या वेळेत, त्यांचा इंजिनिअर फोनवर असताना, खऱ्या यंत्रावर एकदाच. एक रिकामी फाइल तयार केली आणि थांबले. एकही प्रोसेस पडली नाही.

गंमत पुढे आहे. ही गळती आधीच्या वर्षी दुसऱ्या कोणी तरी नोंदवलेली होती. शेरा होता, ‘कमी धोका, फक्त काही बाइट दिसतात’. ओव्हरफ्लोवरही शेरा होता: ‘एएसएलआर असल्यामुळे कमी धोका’. दोन्ही नोंदी एकाच पानावर, एकीखाली एक.

संरक्षणं निरुपयोगी आहेत असं मुळीच म्हणायचं नाही. २०२० पासून आलेल्या काही इंटेल प्रोसेसरांत शॅडो स्टॅक आहे, म्हणजे रिटर्न अॅड्रेसची वेगळी, राखलेली प्रत. तो तिथे चालू असता तर माझी साखळी पहिल्याच रिटर्नला अडकली असती आणि मला परत कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं असतं. तेव्हा ‘इतिहासजमा’च्या जागी ‘महाग’ एवढी दुरुस्ती आपण छापावी.

त्या सर्व्हिसमध्ये लांबीची तपासणी आता बसवली आहे, चार ओळींचा बदल होता. ओव्हरफ्लो अजून तसाच आहे. विचारलं तर उत्तर आलं, ‘आता गळती थांबली ना?’

आपली,
एक पेनटेस्टर