अतिशीत पाण्याची उष्णतावाहकता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शून्य अंशाखाली पाणी गोठलेच पाहिजे, असे सरसकट लिहिले जाते. ते चूक आहे. स्वच्छ पाणी उणे ३० अंशांनाही द्रव, म्हणजेच अतिशीत, राहू शकते आणि त्याची उष्णतावाहकता मोजता येते. पाणी ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, विरघळलेली हवा काढून, गुळगुळीत काचेच्या भांड्यात सावकाश थंड करावे. नमुना लहान, तितका गोठण्याचा धोका कमी.

मोजणीसाठी पाण्यात ताणलेली बारीक तार टँटलम या धातूची, वर ऑक्साइडचा थर दिलेली हवी. उघड्या तारेतून वीज पाण्यात गळते आणि आकडा फसवा येतो. तारेत ठरावीक प्रवाह सोडून पहिल्या सेकंदातच तिच्या विद्युतरोधावरून तिची तापमानवाढ नोंदवावी. काळाच्या लॉगरिदमपुढे ती मांडली की सरळ रेषा मिळते. चढ जितका कमी, तितकी वाहकता जास्त. रेषा वाकली की अभिसरण (तापलेले पाणीच जागा सोडून वाहणे) सुरू झाले समजावे. (चार अंशांखाली किंचित तापलेले पाणी वर न जाता खाली बसते!)

शून्य अंशाला वाहकता सुमारे ०.५६ वॅट प्रति मीटर-केल्विन; त्याखाली काही अंश तरी ती घटतच जाते. बर्फाची मात्र जवळपास चौपट. म्हणून तापमान झटक्यात शून्याकडे उसळले, तर नमुना गोठला समजून ती नोंद रद्द करावी.

आपला,
एक वाचक