अल्टरनेटर बदलू नका, हार्नेस बदलून द्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : जुन्या गाडीसाठी पाठवलेल्या सदोष वायरिंग हार्नेसबाबत

महोदय,

माझ्या १९७४ सालच्या गाडीसाठी मी तुमच्याकडून संपूर्ण वायरिंग हार्नेस (गाडीतल्या सगळ्या तारांचा जुडगा), अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारे यंत्र) आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा असा संच घेतला. तो बसवल्यापासून गाडी नीट चार्ज होत नाही. तक्रार केली की तुमच्याकडून उत्तर ठरलेले, ‘अल्टरनेटर परत पाठवा, बदलून देतो.’ एकदा बदलूनही दिलात. नव्याचीही तीच रड. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशातला हा प्रकार आहे, म्हणून यावेळी फोन न करता सगळे लेखी कळवतो आहे.

इंजिन सुरू केल्यावर आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चार्जिंगचा लाल दिवा मंद जळतच राहतो आणि बॅटरीवर १२.३ व्होल्टच्या आसपास दिसतात, तेही हळूहळू उतरणारे. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की दिवा एकदम विझतो, मल्टीमीटर १४.१ दाखवतो, आणि मग इंजिन बंद करेपर्यंत सगळे सुरळीत चालते. पुन्हा सुरू केले की पुन्हा तेच. अल्टरनेटर खरोखर बिघडलेला असता तर तो रेस दिल्यावर तरी शहाण्यासारखा कशाला वागला असता?

तुम्ही दिलेला दिवा एलईडी आहे. या जातीच्या अल्टरनेटरमध्ये रोटरला (आतल्या फिरत्या विद्युतचुंबकाला) सुरुवातीचा करंट त्या लाल दिव्यातूनच मिळतो. मूळ गाडीत तिथे २.२ वॅटचा फिलामेंट बल्ब असतो, म्हणजे साधारण ०.१८ ॲम्पिअर. एलईडीतून जेमतेम काही मिलिॲम्पिअर जातात. तेवढ्यावर आयडलला रोटर जागा होत नाही. मी दिव्याची वायर काढून तिथे साधा २.२ वॅटचा बल्ब टांगला : चावी फिरवली, बल्ब लख्ख पेटला, इंजिन सुरू झाले, बल्ब विझला, आयडललाच १४.२ व्होल्ट. तुमचाच अल्टरनेटर, तुमचीच बॅटरी केबल. ही चाचणी तुमच्या तंत्रज्ञांना सुचू नये याचे आश्चर्य वाटते.

दुसरा दोष जास्त गंभीर आहे, कारण त्याने माझे सामान जळाले. या गाडीची इग्निशन कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) दीड ओहमची, बॅलास्टवर, म्हणजे वाटेत जोडलेल्या रेझिस्टन्सवर, चालणारी आहे. तिच्या अंगावर तसे छापलेलेही आहे. मूळ वायरिंगमध्ये इग्निशन स्विचपासून कॉइलपर्यंत येणारी पांढरी-गुलाबी वायर ही साधी वायर नसून रेझिस्टन्स वायर असते. तिच्यामुळे इंजिन चालू असताना कॉइलला कमी व्होल्टेज मिळते, आणि स्टार्टर फिरवताना सोलेनॉइडच्या (स्टार्टरला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) जादा टर्मिनलवरून बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज येते. ‘मूळ गाडीबरहुकूम’ अशी जाहिरात असलेल्या तुमच्या हार्नेसमध्ये रंग पांढरा-गुलाबीच आहे, पण आत साधी तांब्याची तार. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) एकमेकांना टेकलेले ठेवून, चावी ‘ऑन’ करून कॉइलच्या धन टर्मिनलवर मोजले तर जवळजवळ बॅटरीएवढेच, ११.९ व्होल्ट. तिथे सहा-सातच्या आसपास हवेत. करंट त्यामुळे दुप्पट होतो. कॉइल हात लावू न देण्याइतकी तापली, पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ आले, आणि चढावर गाडी मिसफायर करू लागली. त्यावर तुमच्या माणसाचा सल्ला काय, तर ‘स्पार्क प्लग बदलून बघा.’ प्लग कोरे होते.

बरे, सोबतच्या वायरिंग आकृतीत ही रेझिस्टन्स वायर बरोबर दाखवली आहे. म्हणजे आकृती काढणाऱ्याला माहीत होते, हार्नेस बांधणाऱ्याला नव्हते. आकृती पाहून दोष शोधणाऱ्याची यात पुरती दिशाभूल होते.

माझ्या मागण्या साध्या आहेत. खरी रेझिस्टन्स वायर असलेला हार्नेस पाठवा, किंवा त्याऐवजी दीड ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर आणि सोलेनॉइडकडून येणाऱ्या बायपासची जोडणी द्या. एलईडीऐवजी २.२ वॅटचा बल्ब होल्डरसह द्या; एलईडीच ठेवायचा असेल तर त्याला समांतर योग्य रेझिस्टर लावून द्या. जळालेली कॉइल, पॉइंट संच आणि वायरिंग पुन्हा उघडण्याची मजुरी यांची भरपाई द्यावी. अल्टरनेटर मी परत पाठवणार नाही, तो उत्तम चालतो.

हाच हार्नेस इतरांनाही गेला असेल तर त्यांनाही कळवा. तापलेली कॉइल फुटून तेल गळू शकते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, मल्टीमीटरच्या वाचनांचे आणि जळालेल्या पॉइंटचे फोटो