रविवारची मीटिंग आणि कीटोनबद्दल (नवीन पालकांनी नक्की वाचा)

नमस्कार मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्याच हॉलमध्ये भेटतोय, विषय डीकेए (डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात आणि मूल गंभीर आजारी पडतं). गेल्या महिनाभरात ज्यांच्या मुलांना टाइप १ डायबिटीस निघालाय त्यांनी आई-बाबा दोघांनीही या, आजी घरी मुलाला सांभाळत असेल तर तिलाही आणा, कारण दुपारी इंजेक्शन तीच देते ना.

आमच्या लेकीच्या वेळी आम्हालाही कळलं नव्हतं. सात वर्षांची पोर परत अंथरूण ओलं करायला लागली, रात्री उठून तांब्याभर पाणी प्यायची, आम्ही म्हटलं उन्हाळा आहे. मग उलट्या, पोटदुखी, डॉक्टर म्हणाले अ‍ॅसिडिटी. श्वास जोरजोरात चालायला लागला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, तेव्हा कुठे कुणीतरी शुगर तपासली. थेट आयसीयू.

आता लक्षात ठेवायचं:

- मूल जेवत नाही, उलट्या होतायत म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. डोस किती ते डॉक्टरांना फोन करून विचारा. नव्या पालकांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते.
- शुगर २५० (mg/dL) च्या वर राहिली किंवा ताप-उलटी असली की कीटोन तपासा. लघवीची पट्टी चालते, पण एक्स्पायरी बघा.
- रक्तातले कीटोन ३ (mmol/L) किंवा जास्त, उलट्या थांबत नाहीत, श्वास खोल आणि जोरात, मूल गुंगीत, यातलं एक जरी दिसलं तरी सरळ हॉस्पिटल, रात्रीचे २ वाजले असले तरी.

येताना ग्लुकोमीटर आणि शुगरची वही आणा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच "येतोय" टाका, नुसता अंगठा नको, चहाचा हिशेब चुकतो.