मॉक ड्रिल घेताना वारा बघा

संपादक साहेब, नमस्कार.

सेफ्टीवर कोणीही लिहिलं की एकच वाचायला मिळतं, एसओपी (म्हणजे कामाची लिहून ठरवलेली पद्धत) पाळा. मी केमिकल प्लांटमध्ये बरीच वर्षं शिफ्ट सांभाळतोय, मलाही ते पटतं, पण अर्धंच. एकदा गॅस लीकचं मॉक ड्रिल होतं, सायरन वाजला, सगळे असेंब्ली पॉइंट नंबर एकला, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, जमले, हजेरी झाली, टायमिंगही छान आलं. तेवढ्यात एक नवीन पोरगा हळूच म्हणाला, साहेब विंडसॉक बघा ना, वारा आपल्याकडेच येतोय. खरंच तो नारंगी कापडी नळा फुगून आमच्याच दिशेने ताणलेला होता, म्हणजे गॅस खरा असता तर आम्ही शिस्तीत रांग लावून गॅसमध्येच उभे होतो! त्याला उत्तर काय मिळालं, तर प्लॅनमध्ये पॉइंट नंबर एक लिहिलाय, गप उभा राहा. मीही तेव्हा काही बोललो नाही, ते आजही टोचतं.

१९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मला आग लागली तेव्हा राहायच्या ब्लॉकमध्ये जमून हेलिकॉप्टरची वाट बघायची असं ठरलेलं होतं, पण धुरात हेलिकॉप्टर उतरणं शक्यच नव्हतं आणि दुसरी ऑर्डर कोणी दिलीच नाही. १६७ माणसं गेली, त्यातली बरीच त्या ब्लॉकमध्येच. जे वाचले त्यातले बरेचसे स्वतःच्या डोक्याने दोरीवरून उतरले नाहीतर समुद्रात उड्या टाकल्या म्हणून.

पण म्हणून मनाला येईल ते करा असं अजिबात नाही. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कवर पक्षी धडकून विमानाची दोन्ही इंजिनं गेली, तेव्हा कॅप्टन सलेनबर्गरने चेकलिस्टमध्ये बरंच खाली असलेलं काम, म्हणजे शेपटातलं छोटं पॉवर युनिट चालू करणं, सगळ्यात आधी उरकलं आणि त्याच वेळी शेजारी को-पायलट चेकलिस्ट ओळीने करतच होता. ती लिस्ट खूप उंचावरच्या बिघाडासाठी बनवलेली, पुरी व्हायला वेळच नव्हता, साधारण साडेतीन मिनिटांत विमान हडसन नदीत उतरलं आणि १५५ च्या १५५ जण वाचले. ज्याला लिस्ट तोंडपाठ आहे त्यालाच त्यातलं आधी काय उचलायचं ते सुचतं.

म्हणून ड्रिल घेणाऱ्यांना कळकळीची विनंती, दर वेळी न सांगता एक तरी गोष्ट बिघडवा, एखादं गेट बंद ठेवा, शिफ्ट इन्चार्जलाच बाजूला बसवा, आणि प्लॅन सोडून कोणी काय केलं, का केलं, हे त्याला न झापता रजिस्टरमध्ये लिहून घ्या.

आपला,
एक शिफ्ट इन्चार्ज