ट्रस्टच्या नावावरचा लाभांश तुमचाच

महोदय,

अमेरिकेत दहा-पंधरा वर्षं नोकरी करून नाशिकला परतलेल्या काहींनी तिकडे ‘रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट’ (हवा तेव्हा मोडता येणारा ट्रस्ट) केलेला असतो. शेअर, फंड सगळं ट्रस्टच्या नावावर. इथलं विवरणपत्र भरायची वेळ आली की ‘ते माझं नाही, ट्रस्टचं आहे’ म्हणून कागद बाजूला ठेवले जातात. ट्रस्ट मोडून मालमत्ता परत घ्यायचा हक्क ज्याच्या हातात, उत्पन्नही त्याचंच. अमेरिकेतला ग्रँटर ट्रस्टचा नियम हेच सांगतो आणि आपल्या १९६१च्या प्राप्तिकर कायद्याची ६१ ते ६३ ही कलमंही हेच. अशांना आयटीआर-१ किंवा ४ चालत नाही. निदान आयटीआर-२ हवा.

खरा घोळ वर्षाचा. समजा, २० मार्च २०२५ला ४०० डॉलर लाभांश आला. तो २०२४-२५च्या उत्पन्नात, ‘शेड्यूल एफएसआय’ या परदेशी उत्पन्नाच्या तक्त्यात धरायचा, रुपयांत करताना दर २८ फेब्रुवारीचा, स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बाहेरून आलेले डॉलर बँक ज्या दराने घेते तो). पण त्याच विवरणपत्रातलं ‘शेड्यूल एफए’, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तपशील, ३१ डिसेंबर २०२४ला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाचं असतं, म्हणून तिथे हे ४०० डॉलर पुढच्या वर्षी येतात. ब्रोकर उत्पन्नाचा जो १०९९ फॉर्म देतो, तोही जानेवारी ते डिसेंबरचा. त्यातला आकडा ‘एफए’शी जुळतो, पण तोच जसाच्या तसा ‘एफएसआय’मध्ये उचलला की चुकतं. महिन्यांची स्टेटमेंटच काढावी लागतात.

ट्रस्टसाठी ‘एफए’मध्ये ‘एफ’ हा वेगळा तक्ता आहे. ट्रस्टी, सेटलर (ट्रस्ट करणारा), लाभार्थी यांची नावं आणि उत्पन्न कुठल्या शेड्यूलमध्ये दाखवलं, हे त्यात लिहायचं. लाभार्थी मुलं असली तरी सेटलर म्हणून तुमचं नाव सुटत नाही.

तिकडे कापलेल्या कराचं क्रेडिट फॉर्म ६७ भरल्याशिवाय नाही, आणि लाभांशावर भारत-अमेरिका करकरारानुसार २५ टक्क्यांपर्यंतच. ३० टक्के कापले असतील तर वरचे पाच अमेरिकेकडूनच मागायचे.

माहिती दडवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला त्यातून सूट आहे. पण ती दंडातून, करातून नव्हे. नुकतेच परतलेल्यांनी आपला दर्जा ‘आरएनओआर’ (रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नसलेला) आहे का, हे आधी तपासावं. तसा असेल तर त्या वर्षी ‘एफए’ भरायचं नसतं आणि हा लाभांशही इथे करपात्र नसतो.

— एक करसल्लागार, कॉलेज रोड, नाशिक