करंट किती, तास किती?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

स्वस्त हायड्रोजनसाठी ‘एकेका अणूचा उत्प्रेरक’ तयार झाल्याच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. माझी नोकरी कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात, सेल हाऊसमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यातून वीज सोडून सोडा काढतात त्या विभागात, गेली. त्यामुळे अशा बातमीत मी आधी दोन आकडे शोधतो: करंट डेन्सिटी (इलेक्ट्रोडच्या दर चौरस सेंटिमीटरमागे वीजप्रवाह) किती होती आणि सेल किती तास चालला. दोन्ही सहसा नसतात.

कल्पना उत्तमच आहे. प्लॅटिनमच्या कणात काम करतात ते पृष्ठभागावरचे अणू. आतले नुसते बसून असतात. अणू सुटे सुटे बसवले की एकही फुकट जात नाही. चीनमधल्या दालियनच्या झांग ताओ आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये आयर्न ऑक्साइडवर प्लॅटिनमचे असे अणू बसवून दाखवले. मला स्वतःला लोखंडावरचं काम जास्त आवडतं. कार्बनच्या जाळीत चार नायट्रोजनांनी धरून ठेवलेला लोखंडाचा अणू, आपल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो जवळपास तसाच. फ्युएल सेलमधलं, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या सेलमधलं, महागडं प्लॅटिनम त्याने हटलं तर कोणाला नको आहे?

पण फ्युएल सेलमधल्या आम्लात हे लोखंड जाळीतून सुटून जातं, आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊन कार्बनच कुरतडतं. इलेक्ट्रोलायझरची, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या सेलची, गोष्ट आणखी वेगळी. प्रयोगशाळेत बहुतेक तुलना चौरस सेंटिमीटरला 10 मिलिअँपिअरवर होते. कॉस्टिक सोड्याचे मेंब्रेन सेल त्याच्या चाळीस-पन्नास पटीने चालतात, आणि त्यांच्या टायटॅनियम अ‍ॅनोडवरचं (धन इलेक्ट्रोडवरचं) रुथेनियमचं कोटिंग वर्षानुवर्षं टिकावं लागतं. अवेळी शटडाऊन घेऊन अ‍ॅनोड बदलणं म्हणजे काय, ते कुठल्याही शिफ्ट इनचार्जला विचारा!

आणखी एक गोम. प्रयोगात समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा असला, तर त्यातलं थोडं विरघळून कॅथोडवर, म्हणजे हायड्रोजन निघतो त्या इलेक्ट्रोडवर, येऊन बसतं. मग हायड्रोजन काढल्याचं श्रेय बिचाऱ्या नव्या उत्प्रेरकाला!

केंद्राने जानेवारी 2023 मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला 19,744 कोटी रुपये मंजूर केले. त्यातले 400 कोटी संशोधनासाठी. त्यातून सगळ्या प्रयोगशाळांना वापरता येईल असं, महिनोन्‌महिने सेल चालवून बघण्याचं एखादं केंद्र उभं राहावं. तोवर आपल्या वार्ताहरांनी संशोधकांना एवढं जरूर विचारावं: हजार तासांनंतर व्होल्टेज किती होतं, आणि समोरचा इलेक्ट्रोड कशाचा होता?

आपला,
एक निवृत्त केमिकल इंजिनीअर, डोंबिवली